फुलोऱ्यातल्या मिरचीची पानं पिवळी पडताहेत. खत वाढवू की थांबवू?

यावलची_लेक
५ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण तपशील नसेल तर कुणाला नेमकं सांगता येणार नाही.

माझ्याकडे मिरचीची नऊ रोपं आहेत. बियाणं आईचं. यावल तालुक्यातल्या आमच्या मळ्यात ती हीच मिरची लावायची. बुटकी, उभट, वाळली की गडद लाल आणि ठेच्याला असा वास की शेजारी विचारायला यायचे. मळा गेला, आई तीन वर्षांपूर्वी गेली. डब्यात एका पुडीत थोडं बी राहिलं होतं. गेल्या उन्हाळ्यात भुसावळला गच्चीवर लावलं आणि मे महिन्यात सगळं करपून गेलं. उरलेल्या बियांतून सप्टेंबरमध्ये ही नऊ उगवली. आता ही मला गमवायची नाहीत.

म्हणून मागच्या खोलीत ठेवली आहेत. १०० वॉटचे दोन एलईडी पॅनल, दिवसाला १४ तास. खोलीत ठेवायचं दुसरं कारण म्हणजे गच्चीवर शेजारच्या ढोबळी आणि ज्वाला मिरचीचे परागकण येतात. मला बी शुद्ध हवं आहे.

१२ लिटरच्या ग्रोबॅग आहेत. निम्मं कोकोपीट, पाव भाग मळ्याची काळी माती (मुद्दाम आणली), पाव भाग गांडूळखत. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत झाडं हिरवीगार होती. फुलं लागल्यावर दुकानदाराने सांगितलं म्हणून ००:५२:३४ आणि १३:००:४५ आलटून पालटून सुरू केलं (आकडे म्हणजे खतातल्या नत्र, स्फुरद आणि पालाश, म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम यांची टक्केवारी). लिटरला ३ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा.

आता खालची पानं पिवळी होऊन गळताहेत. काहींची टोकं तपकिरी झाली आहेत. फुलं देठापासून तुटून पडतात. आज वरच्या शेंड्याची कोवळी पानंही फिकट वाटली. खत कमी पडतंय का? लिटरला ५ ग्रॅम करू का?

---

शेवभाजी
५ डिसेंबर, रात्री १०:०५

ताई, ५ ग्रॅम करू नका. बाकी जाणकार सांगतीलच, पण आज रात्री तरी काहीच टाकू नका.

---

अमळनेरकर
५ डिसेंबर, रात्री १०:३१

खालची पानं पिवळी म्हणजे नत्र कमी. सरळ हिशेब आहे. ००:५२:३४ मध्ये नत्र शून्य. १३:००:४५ मध्ये १३ टक्के, ते आठवड्यातून एकदा. फुलोऱ्यात झाडाला नत्र लागत नाही हे कुणीतरी पसरवून ठेवलंय. फळ भरायला पानं लागतात आणि पानांना नत्र. २ टक्के युरियाची फवारणी करा, चार दिवसांत फरक दिसेल.

---

गच्चीबाग
५ डिसेंबर, रात्री ११:१२

@अमळनेरकर दादा, २ टक्के म्हणजे लिटरला २० ग्रॅम. कपाशीवर चालतं, पण खोलीतल्या कोवळ्या मिरचीवर पानं भाजतील. अर्ध्या टक्क्याच्या वर मी कधी गेले नाही.

ताई, मला तीन गोष्टी सांगा. पिवळेपणा आधी कुठे आला, खाली की वर? पान सगळं सारखं पिवळं होतं की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो? आणि पाणी कुठलं देता?

विचारायचं कारण असं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात फिरतात. कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी खालचं पान पिवळं पडतं. लोह, कॅल्शियम, बोरॉन जिथे बसले तिथून हलत नाहीत. ते कमी पडले तर आधी शेंड्याचं नवं पान दाखवतं. त्यामुळे पिवळं पान कुठलं, या एका उत्तरावर निम्मं निदान होतं.

---

सातपुडा
६ डिसेंबर, सकाळी ६:५०

भाऊ-बहिणींनो, कितलं पानी देस ते आधी इचारा! मनी आजी सांगे, झाड तहानलं तर सांगस, बुडनं तर गपचूप मरस.

कोकोपीट वरून कोरडं दिसतं आणि खाली चिखल असतो. मुळाला हवा मिळाली नाही तरी पान पिवळंच पडतं. ग्रोबॅग उचलून बघा. जड लागली तर पाणी देऊ नका.

---

निंबोळी
६ डिसेंबर, सकाळी ८:१५

आईच्या बियाण्याला रासायनिक खत बघून वाईट वाटलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती, ४८ तासांत जीवामृत तयार. चुलीतली राख टाका, केळीच्या सालांचं पाणी टाका. आमच्याकडे केळीच्या सालांना तोटा नाही. आपल्या आया-आज्यांनी हेच केलं आणि झाडं जगली.

---

यावलची_लेक
६ डिसेंबर, सकाळी ११:२०

सगळ्यांचे आभार. सकाळी भिंग घेऊन बसले होते.

खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आहेत, मधला भाग पिवळा. अगदी जुनी दोन-तीन पानं मात्र पूर्ण पिवळी. शेंड्याच्या कोवळ्या पानांतही शिरा हिरव्या, बाकी फिकट, जवळजवळ पांढरट. म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे आहे. ग्रोबॅग उचलून पाहिली, जड नाही. पानांच्या मागे काही दिसलं नाही. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, हलणारं काही पडलं नाही.

पाणी घरचंच.

निंबोळीताई, वाईट मलाही वाटतं. आई शेणखतच टाकायची. पण तिच्या मिरचीला शिवार होतं, माझ्याकडे १२ लिटरची पिशवी आहे.

---

कपाशीवाला
६ डिसेंबर, दुपारी १:४५

मी शिंदखेडा भागातला, ३० वर्षं कपाशी केली. ताई, तुमच्या खालच्या पानांचं वर्णन वाचून मला लाल्या आठवला. कपाशीला बोंडं भरायच्या वेळी पान आधी शिरांच्या मधून पिवळं पडतं, मग लाल होतं आणि गळतं. लोक रोग समजून बुरशीनाशक मारतात. रोग नाही तो. बोंडांनी ओढ घेतली, जमिनीत मॅग्नेशियम आणि नत्र कमी पडलं, वरून रात्री गार झाल्या की लाल्या आलाच. १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट फवारलं की थांबतो. लाल झालेलं पान परत हिरवं होत नाही, पण पुढचं वाचतं.

मिरचीलाही तेच. फुलं-फळं लागल्यावर मॅग्नेशियमची मागणी वाढते. आणि तुम्ही वरून पालाश ओतताय. मुळाच्या तोंडाशी पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची रेटारेटी असते. पालाश जास्त झालं की मॅग्नेशियमला आत जागा मिळत नाही. जमिनीत असूनही झाड उपाशी राहतं.

---

लोंगर
६ डिसेंबर, दुपारी २:१०

@कपाशीवाला काका, +१. केळीतही असंच. मॅग्नेशियम कमी पडलं की जुन्या पानाची कड आणि मधला दांडा हिरवा राहतो, मधला पट्टा पिवळा पडतो. पालाश कमी असेल तर जुनं पान नारिंगी-पिवळं होऊन झपाट्याने वाळतं. रावेरकडे दोन्ही पाहिलंय. दुकानात दोन्हीला औषध एकच मिळतं, ते म्हणजे आणखी पालाश.

---

तापीकाठ
६ डिसेंबर, दुपारी ४:०२

खालच्या पानाचा उलगडा काकांनी केला. शेंड्याचं मी सांगतो.

कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधलं पांढरट, हे लोहाचं लक्षण. पण याचा अर्थ पिशवीत लोह नाही असा नाही. आपली काळी माती चुनखडीची. सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास. त्या सामूला लोह मुळांना उचलता येत नाही. माणसासमोर ताट आहे पण दातखीळ बसली आहे, तसं. त्यात तुम्ही ५२ टक्के स्फुरदवालं खत देताय. जादा स्फुरदाने लोह आणि जस्त दोन्ही अडतं.

घरच्या घरी खात्री करा. त्या मळ्याच्या मातीचं वाळलेलं ढेकूळ घ्या, वर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे.

@निंबोळी, राग मानू नका, पण राख इथे नको. राखेत पालाश असतं आणि ती सामू आणखी वर नेते. ताईंच्या झाडाला या दोन्हीच गोष्टी आधीच जास्त झाल्या आहेत. केळीच्या सालांचंही तेच, त्यात मुख्य पालाशच. कोकणातल्या आंबट जमिनीत राख टाकली तर मी काही बोलणार नाही.

---

निंबोळी
६ डिसेंबर, सायंकाळी ५:३०

राग नाही. राखेचं हे माहीत नव्हतं. मी स्वतः दर पंधरवड्याला लिंबाला राख घालते आणि ते लिंब कायम पिवळं असतं. आता थांबवते. जीवामृताबद्दल मात्र मी ठाम आहे.

---

गच्चीबाग
६ डिसेंबर, सायंकाळी ६:१८

जीवामृताला माझा विरोध नाही, जमिनीत ते उत्तम. पण बंद खोलीतल्या पिशवीत? एक तर वास, दुसरं चिलटं. आणि मुळं शेवटी क्षारांच्या रूपातच अन्न घेतात, मग ते शेणातून सुटलेलं असो की पुडीतलं. फरक जमिनीच्या जिवंतपणात पडतो, आणि पिशवीत जमीनच इवलीशी.

ताई, "पाणी घरचंच" म्हणजे नळाचं, बोअरचं की आणखी कुठलं? टोकं तपकिरी होणं हे मॅग्नेशियमचं लक्षण नाही. ते क्षार साचल्याचं असतं.

---

पुणेरी_खान्देशी
६ डिसेंबर, रात्री ८:४४

मी बाल्कनीत दिव्याखाली मिरच्या लावतो म्हणून एक मुद्दा. पॅनल शेंड्यापासून किती उंच आहे? फार जवळ असेल तर वरची पानं पांढरट होतात, तो प्रकाशाचा चटका असतो. ओळखायची खूण म्हणजे चटका फक्त पॅनलच्या बरोबर खालच्या पानांना बसतो. कडेच्या फांद्या हिरव्या राहतात. लोहाची कमतरता सगळ्याच शेंड्यांवर सारखी दिसते.

आणि बंद खोलीत वारा नाही, मधमाशी नाही. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, पण हलवावं लागतं. दुपारी फांदीला टिचकी मारा. टेबलफॅन मंद लावला तरी चालतो.

---

यावलची_लेक
६ डिसेंबर, रात्री १०:५०

पॅनल ३० सेंटीमीटरवर होतं. कडेचे शेंडेही फिकट आहेत, म्हणजे लोहच असावं. तरी उद्या ४५ वर नेते. फॅन लावला.

मातीवर व्हिनेगर टाकलं. इतकी फसफसली की लेक बघायला आला.

आणि पाण्याचं. गच्चीबागताई, तुम्ही दोनदा विचारलंत म्हणून नीट लिहिते. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, पिण्यासाठी आरओ बसवलाय. आरओचं जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवून झाडांना घालते. पाण्याचा थेंब फुकट जाऊ नये हे आईनेच शिकवलं.

---

तापीकाठ
६ डिसेंबर, रात्री ११:०५

सापडलं, ताई.

आरओ काय करतो? बोअरच्या पाण्यातले क्षार चांगल्या पाण्यातून काढतो आणि त्या वायाच्या नळीतून बाहेर टाकतो. म्हणजे बोअरचे सगळे क्षार थोडक्या पाण्यात गोळा होऊन तुमच्या बादलीत येतात. तेच तीन महिने झाडांना गेलं, त्यावर ३ ग्रॅम खत. त्या पाण्याने फरशी पुसा, संडासात टाका, भांड्यांचा पहिला हात मारा. कुंडीला नको.

---

शेवभाजी
६ डिसेंबर, रात्री ११:२०

बापरे. आमच्या घरी तुळशीला हेच पाणी जातं. उद्यापासून बंद.

---

अमळनेरकर
७ डिसेंबर, सकाळी ७:३०

मी माझं मागे घेतो, अर्धं. अगदी जुनी पानं पूर्ण पिवळी आहेत ती नत्रामुळेच, एवढं म्हणणं कायम. पण युरिया नको, गच्चीबागताईंचं बरोबर. कोकोपीटमध्ये आणि थंडीत युरिया लवकर फुटत नाही. नायट्रेट रूपातलं नत्र द्या. कॅल्शियम नायट्रेटमध्ये साडेपंधरा टक्के नत्र असतं आणि सोबत कॅल्शियम मिळतं.

मामुराबादला किंवा पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, पाण्याचा नमुना तपासून घ्या.

---

यावलची_लेक
९ डिसेंबर, रात्री ९:१५

भाच्याच्या मित्राकडे शेडनेट आहे, तो सामू आणि ईसीचे मीटर घेऊन आला (ईसी म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचं माप). आकडे देते.

बोअरचं पाणी: सामू ७.९, ईसी १.१
आरओचं वाया जाणारं: सामू ८.२, ईसी १.९
पिशवीखालून निथळलेलं: सामू ७.८, ईसी ५.२

तो मुलगा शेवटचा आकडा बघून म्हणाला, मावशी, झाडं जगली कशी?

---

तापीकाठ
९ डिसेंबर, रात्री ९:५०

गावरान बी म्हणून जगली.

५.२ म्हणजे मुळांभोवती इतकं मीठ आहे की झाडाला पाणीसुद्धा ओढून घेता येत नाही. मिरचीला निथळीत २ च्या आसपास असावी. पहिलं काम, धुवून काढा. बाकी सगळं नंतर. प्रत्येक पिशवी न्हाणीत न्या, हळूहळू पाणी सोडा, पिशवीच्या आकारमानाएवढं किंवा थोडं जास्त, आणि निथळीची ईसी खाली येईपर्यंत थांबू नका. घाई केली तर पाणी कडेने निघून जातं आणि मधला गोळा तसाच राहतो.

यापुढे पिण्याचं आरओचं आणि बोअरचं निम्मं-निम्मं. सामू ६.२ ते ६.५ वर आणायला लिंबाचं फूल चालेल, वाणसामानाच्या दुकानात मिळतं तेच. चिमटीने टाकत मोजत जा. मिश्रण त्याच दिवशी वापरा. एक-दोन दिवसांत त्याचा असर जातो आणि सामू परत चढतो.

---

कपाशीवाला
१० डिसेंबर, सकाळी ८:००

धुतल्यावर पिशवीतलं चांगलंही वाहून जाईल, म्हणून लगेच हलका खुराक द्या. १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, बास. दुसऱ्या पाळीला कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम. मॅग्नेशियम सल्फेट संध्याकाळी पानांवर फवारा, लिटरला ५ ग्रॅम. आठवड्यातून एकदा, तीन वेळा.

एक पक्कं लक्षात ठेवा. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एका बादलीत कालवू नका. पांढरा साका खाली बसतो, तो जिप्सम असतो. झाडाला दोन्हीतलं नीट काही मिळत नाही. स्फुरदाच्या खताशीही कॅल्शियम नायट्रेटचं जमत नाही. मी पहिल्या वर्षी ठिबकच्या नळ्या अशाच बंद पाडल्या होत्या.

---

गच्चीबाग
१० डिसेंबर, सकाळी ९:३५

लोहासाठी एक भर. बाजारात दोन प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह मिळतं. ईडीटीएवालं १२ टक्के, स्वस्त. पण सामू साडेसहाच्या वर गेला की ते टिकत नाही, आणि तुमच्या पिशवीत चुना आहे. ईडीडीएचएवालं ६ टक्के, लालसर रंगाचं, महाग, पण चुनखडीत तेच काम करतं. पुडीवर नाव वाचून घ्या. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून आपल्या मातीत काही हाती लागत नाही. फवारणीने थोडा फरक पडतो, पण कोवळ्या पानांवर डाग पडतात.

---

लोंगर
१० डिसेंबर, दुपारी १२:२०

विषयांतर करतो, पण मिरचीचा विषय आहे आणि डिसेंबर आहे. भरिताची वांगी आली. आमच्याकडे रविवारी मळ्यात भरीत आहे, तुरकाठ्यांवर भाजून. सोबत कळण्याची भाकरी. ताईंच्या मिरच्या तयार असत्या तर ठेचून टाकल्या असत्या.

---

शेवभाजी
१० डिसेंबर, दुपारी १२:४१

पत्ता टाका.

---

अमळनेरकर
१० डिसेंबर, दुपारी १:१०

भरिताला जळगावकडचं फिकट हिरवं वांगं लागतं. पुण्यातल्या लोकांना जांभळ्याचं करून खाताना पाहिलंय मी.

---

पुणेरी_खान्देशी
१० डिसेंबर, दुपारी १:३२

करतो आम्ही जांभळ्याचं, नाइलाज असतो. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्या मंडईत त्याचा पत्ता नाही. बहिणीला एसटीने पाठवायला सांगितलंय.

---

सातपुडा
१० डिसेंबर, रात्री ७:०५

केळीलाबी मानांकन शे भाऊ, २०१६ मा दोन्हीले भेटनं. पन आते ताईनी मिरचीवर या.

---

यावलची_लेक
१३ डिसेंबर, रात्री १०:१०

दोन दिवसांत नऊ पिशव्या धुतल्या. एकेकीला १५ लिटरच्या आसपास पाणी लागलं. सुरुवातीचं निथळलेलं पाणी चहासारखं होतं. शेवटी ईसी २.१ वर आली. मग १९:१९:१९ दिलं.

निम्म्या-निम्म्या पाण्याला १० लिटरमागे साधारण दीड ग्रॅम लिंबाचं फूल लागलं, सामू ६.३ आला. मॅग्नेशियमची पहिली फवारणी काल केली. ईडीडीएचए लोह जळगावला मिळालं.

जिथे जास्त फुलं गळली होती त्या दोन झाडांची पानं दुपारी मलूल दिसताहेत. काळजी वाटते. इथे लिहिल्याने जरा बरं वाटतं.

---

तापीकाठ
१३ डिसेंबर, रात्री १०:३३

मुळांना धक्का बसलाय, दोन-चार दिवस घेतील. दिवा १४ ऐवजी १२ तास करा. त्या दोन झाडांवरची फुलं स्वतःच खुडून टाका. जीव लागतो, पण खुडा. झाडाला आधी पानं करू द्या.

---

निंबोळी
१४ डिसेंबर, सकाळी ९:००

ताई, धीर धरा. जीवामृत नाही तर नाही, पण पुढच्या महिन्यात वरून दोन मुठी मुरलेलं गांडूळखत तरी घाला. एवढं माझं ऐका.

---

यावलची_लेक
१४ डिसेंबर, सकाळी ९:२५

नक्की घालेन. आईलाही ते आवडलं असतं.

---

यावलची_लेक
२ जानेवारी, रात्री ८:३०

तीन आठवडे झाले म्हणून कळवते.

शेंड्याची नवी पानं हिरवी आली. आठव्या-दहाव्या दिवशीच फरक दिसायला लागला. खालची पिवळी झालेली पानं काकांनी सांगितलं तशी हिरवी झालीच नाहीत, बरीच गळली. पण त्याच्या वरच्या मजल्यावर नवीन पान पिवळं पडलेलं नाही. मलूल झालेल्या दोनपैकी एक झाड सावरलं, एक गेलं. त्याची मुळं काढून पाहिली, तपकिरी आणि मऊ होती.

उरलेल्या आठांवर फुलं टिकताहेत. रोज दुपारी टिचकी मारते. पहिल्या चार मिरच्या धरल्या.

निथळीची ईसी दर रविवारी मोजते. गेल्या रविवारी १.९.

---

कपाशीवाला
२ जानेवारी, रात्री ९:०२

झकास. आता एक सांगतो, त्याने घाबरू नका. मिरच्या पोसायला लागल्या की तळाची दोन-चार पानं पिवळी पडणारच. ती म्हातारी पानं आहेत आणि सावलीत आहेत. त्यांच्यातलं अन्न झाड फळात घेतं. तेवढ्यासाठी पुन्हा खताच्या पुड्या उघडू नका. वरचं अर्धं झाड हिरवं आहे ना, तेवढं बघत जा.

---

वाचनमात्र_१
११ जानेवारी, दुपारी ३:२०

पहिल्यांदाच लिहितोय. नंदुरबारकडे आमची मिरची शेतात आहे. पानं पिवळी नाहीत, पण वाकडी होताहेत. मॅग्नेशियम फवारू का?

---

गच्चीबाग
११ जानेवारी, दुपारी ४:४८

नको भाऊ, हे वेगळं आहे. पानाच्या कडा वर वळून होडीसारख्या झाल्या असतील तर फुलकिडे. खाली वळल्या असतील आणि देठ लांबट झाला असेल तर कोळी कीड. दोन्ही नसून झाड खुजं होऊन शेंड्याला बारीक पानांचा गुच्छ झाला असेल तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्यावर औषध नाही, ते झाड उपटून लांब नेऊन पुरा. पान उलटं करून भिंगाने बघा आणि नवीन धागा काढा, इथे हरवून जाईल.

---

वाचनमात्र_१
११ जानेवारी, सायंकाळी ५:१०

कडा वर वळल्या आहेत. धागा काढतो. धन्यवाद ताई.

---

यावलची_लेक
१ मार्च, सकाळी १०:००

आठ झाडांवरच्या मिरच्या लाल झाल्या. पहिल्या तोडीतल्या सगळ्यात चांगल्या २० बियाण्यासाठी ठेवल्या, सावलीत वाळत आहेत. बाकीच्यांचा काल ठेचा केला. लेकाने खाल्ला आणि पाणी प्यायला धावला. वास तोच आहे.

बी वाळलं की पुड्या करणार आहे. या धाग्यावर ज्यांनी लिहिलं त्या प्रत्येकाला दहा-दहा बिया पाठवायच्या आहेत. एकट्या माझ्याकडे राहिलं तर पुन्हा एखाद्या मे महिन्यात जाईल. पत्ते इथे उघड टाकू नका, निरोपात पाठवा. लावताना दुसऱ्या मिरचीपासून लांब लावा, किंवा फूल उमलण्याआधी फांदीवर मलमलची पिशवी बांधा.

---

कपाशीवाला
१ मार्च, सकाळी १०:२२

निरोप पाठवला. बांधावर नाही, घराच्या परसात लावीन.

---

निंबोळी
१ मार्च, सकाळी ११:०५

मलाही हव्यात. मी शेणखतावरच वाढवणार हं, आधीच सांगते!

---

तापीकाठ
१ मार्च, सकाळी ११:४०

पाठवा. आणि निंबोळीताई, पाणी मोजून घ्या.